एकांडा

नबीनं गोऱ्हा आडवा पाडला, चारी पाय बांधले आणि बडवून त्याचा बैल करायला दोन काठ्यांचा चाप काढला, तोच दगडाबाई पुढं आली आणि त्याच्या अन् गोऱ्ह्याच्या मधे फतकल मारून बसली.

"ऊठ," तिचा नवरा आसाराम म्हणाला.

"न्हाई उठत."

चारचौघांत बायकोनं ऐकलं नाही म्हणजे झालंच की! निम्मं तलवाडा गाव लिंबाखाली जमलेलं. त्यात हा गोऱ्हा साऱ्या गावाच्या चेष्टेचा. वासरू असताना काटेरी कुपाटीत अडकून त्याचं एक आंड फाटलं आणि सुकून हरभऱ्याएवढं राहिलं. तेव्हापासून शेजारचा धोंडीराम त्याला 'एकांडा शिलेदार' म्हणायचा आणि पोट धरून हसायचा. मेल्याला दुसरा उद्योग नव्हता.

पण यंदा बुळकांडीच्या साथीनं गावातले दोन्ही वळू नेले, दगडाबाईची तांबडी गाय नेली. तांबडीच्या वाणाचा हा एकटाच उरला होता. याला बडवलं की वाणच संपला. त्या गाईला तिनं लेकीसारखं जपलं होतं, ती कशाला उठतेय!

"नबीभाई, तुमीच सांगा काय ते," ती म्हणाली.

नबीनं गोऱ्ह्याची थैली चाचपली. "एक मेलंय. दुसरं जिंदा हाय, चांगलं भरलंय. बी तयार होतं ते ह्याच्यात, अन् ह्या शिरंतून वर जातं. शिर ठेचली की बैल, न्हाई ठेचली तर वळू. वशिंड, डुरकणं, सारी मस्ती हितलीच. एक असलं तरी काम होतंय, बाई."

"होतंय कसलं!" धोंडीराम ओरडला. "अर्ध्या वळूची वासरं बी अर्धीच निघायची!"

माणसं खदखदून हसली. आसारामचा चेहरा मात्र उतरला. तो घाईनं म्हणाला, "ठेच बे, नबी. गावात हसं नको."

तेव्हा कुठं दगडाबाईच्या ध्यानात आलं, हा कशापायी असा पेटलाय ते. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा हा वेठीला गेला, आणि दौऱ्यावरच्या अंमलदाराच्या घोड्यानं जांघेत लाथ घातली. महिनाभर हळदीचा लेप तिनंच लावला. एक बाजू गेली ती गेलीच. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ त्यानं तिला घातली होती. वीस वर्षं तिनं सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं, आणि आताही ती सांगणार नव्हती. तिला नवऱ्याची लई कीव आली. रागही आला.

"अवो," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्याकडं बघा. वीस वर्सांत म्या कवा तक्रार केली का?"

माणसांना काही उमगलं नाही. आसारामला उमगलं. त्यानं गोऱ्ह्याकडं पाहिलं, मग कुडाला टेकून उभ्या असलेल्या आपल्या चार पोरांकडं. नबी ठेचायची लाकडी मोगरी उचलून थांबला होता.

"मालक, काय करू?"

आसाराम बायकोशेजारी खाली बसला आणि गोऱ्ह्याच्या पायाची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. तिनं हात लावला नाही.

"आरं, पण एकानं काय..." धोंडीराम बोलायला गेला.

"मला बी एकच हाय," आसाराम मान वर करून म्हणाला. "दुसरं गेलं घोड्याच्या लाथंनं, लग्नाच्या साली. ती चौघं त्याच्या नंतरची हायती. जा, एकेकाचं तोंड बघ, अन् सांग मला, ह्यातलं अर्धं कोणतं हाय ते."