मैदालकडीचं लगीन

एस.टी.तून उतरल्यापासून रामधन माळ्यानं डबा छातीशी धरला होता. आत ओल्या फडक्यात मैदालकडीची फुलं होती, यवतमाळच्या कॉलेजच्या वनस्पती बागेतली. तिथल्या त्या एकुलत्या झाडाला त्यानं एकोणीस वर्षं शेणखत घातलं, फळ म्हणून एक नाही! यंदा वनस्पतीशास्त्राच्या नव्या सुमेधा मॅडमनी भिंगातून फुलं पाहिली आणि हसतच सुटल्या. "रामधनभाऊ, हा नर आहे. फळेल कसा?"

मग मादीचा शोध सुरू झाला. डोंगरातली झाडं अगरबत्तीवाल्यांनी सालीपायी सोलून वाळवली होती. तीन आठवडे पायपीट केल्यावर एकच सापडलं, कळंबजवळ इंदुताईंच्या बांधावर. आणि आता त्याच झाडाखाली त्यांचा गडी प्रेमसिंग कुऱ्हाडीला धार लावत बसला होता, इंदुताई शेजारी उभ्या.

"ताई, थांबा!" रामधनला धाप लागली.

"कायले थांबू? दोन ओळी कपाशी सावलीखाली पिवळी पडून राह्यली. यंदा एकेक बोंड मोलाचं, अन् हे झाड कोन्त्या कामाचं? फूल येते, फळ नाही. वांझोटं!"

"वांझोटं नाही ताई, एकटं हाय." रामधननं डबा उघडला. "नवरदेव घेऊन आलो."

प्रेमसिंग खो खो हसला. इंदुताई मात्र हसल्या नाहीत.

शिडी नव्हती. रामधन प्रेमसिंगच्याच खांद्यावर चढला आणि एकेका घोसावर बागेतली फुलं हलकेच फिरवू लागला. परागाची पिवळी पूड प्रेमसिंगच्या मुंडाशावर सांडत होती.

"अन् बी धरलं तं?" इंदुताईंनी खालून विचारलं.

"मॅडम बागेत रोपं करतीन. मोठी झाली का पुन्हा डोंगरात लावू. नाही तं बागेतलं माह्यं झाड मेलं का खेळ खतम."

इंदुताई शेतातल्या खोपीकडे निघून गेल्या. रामधनला वाटलं, बाई आता माणसं बोलावते की काय!

त्या परत आल्या त्या मूठ बंद करून. हळद लावलेले तांदूळ त्यांनी झाडावर टाकले, पदर डोक्यावर घेतला आणि बुंध्याला हात लावला.

"प्रेमसिंग, कुऱ्हाड घरी घेऊन जा."

"अन् त्या दोन ओळी कपाशीचं काय, ताई?"

"तिच्या ओटीत घातल्या म्हन."