दोघांची मंजुरी

माझी आणि मेव्हण्याची भागीदारी काल मोडली. मोडली वगैरे काही नाही, आमचं उत्तम चाललं आहे.

दातांच्या दवाखान्यासाठी आम्ही पेशंटना नंबर देणारं छोटं सॉफ्टवेअर केलं. त्याचा कोड कुठे ठेवायचा, ते काही ठरेना. मी म्हटलं, "पेनड्राइव्हवर ठेवू. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असतो."

"आणि किल्ल्या हरवल्या तर?"

"तर घरातच जाता येणार नाही. कोड घेऊन काय जिन्यात बसू?"

"भावोजी, थट्टा पुरे. कोणी काय बदललं ते कायमचं दिसेल, अशी साइट हवी. आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय आत जाता कामा नये."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"अजिबात नाही."

त्याला हवी तशीच साइट घेतली. मग मी त्याला संशयखोर म्हटलं, तो मला बिनडोक म्हणाला आणि दार आपटून गेला. फोन उचलत नाही.

आज सकाळपासून सॉफ्टवेअर प्रत्येक पेशंटला एकच नंबर देतंय: एक. दवाखान्यात सगळेच पहिले आहेत आणि डॉक्टर आतून कडी लावून बसलेत. चूक माझी आहे, मंजुरीचा नियम लागण्याआधीची; साइटवर तसं कायमचं दिसतंय. दुरुस्ती एका ओळीची, तीही तयार आहे. अडलंय मंजुरीवाचून. म्हणून मंजुरीचा नियमच काढायला गेलो, तर साइट म्हणाली, हाही बदलच आहे. तेव्हा रीतसर टाकलं:

"मेव्हण्यांच्या मंजुरीची अट तातडीने रद्द करण्यात यावी, ही नम्र विनंती. मंजुरी देणार: मेव्हणे."