आधीचा फोटो

निवृत्त झालेल्या सरांनी वर्षभर रोज सकाळी बसथांब्यावर उभं राहून लोकांना कचरा डब्यात टाकायला लावला होता. कोणी खेकसलं, कोणी वेड्यात काढलं. पण आता थांब्याच्या फरशीवर बसचं तिकीटसुद्धा पडलेलं दिसत नव्हतं.

झाडूवाल्या मावशी आल्या आणि मोबाइल हातात धरून फरशीकडे बघत राहिल्या.

"सर, आज परत खाडा पडणार माझा."

"का? स्वच्छ तर आहे सगळं."

"तेच ना! आधीचा फोटो घाणीचा लागतो, नंतरचा साफ केल्याचा. दोन्ही सारखे दिसले की मुकादम म्हणतो, तू झाडूच लावला नाहीस. अजून एक खाडा पडला तर कायमची घरी बस म्हणालाय."

सरांनी कचऱ्याचा डबा उचलला आणि फरशीवर उपडा केला. मावशींनी फोटो काढला.

तेवढ्यात बस आली. उतरलेल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"शी! आपल्या लोकांना शिस्त लागायची नाही कधी."

"नाही लागायची," सर म्हणाले आणि रिकामा डबा जागेवर ठेवला.