काठावरचा गाळ

शेजारीण एनिडच्या बागेतल्या तळ्यातला गाळ डेस्मंडने आपणहून उपसून दिला.

"गाळ रात्रभर काठावरच राहू दे," एनिड म्हणाली. "न्यूट असतील तर सरपटत पाण्यात परततील."

"अगं, ते पालीसारखे जीव थंडीत ओंडक्याखाली झोपतात. जानेवारीत तळ्यात कोण मरायला येतंय?" असं म्हणत त्याने सगळा गाळ खताच्या ढिगावर नेऊन ओतला.

सकाळी विसरलेलं फावडं न्यायला तो आला, तेव्हा एनिड गोठलेला ढीग बोटांनी उकरत बसली होती. त्याला पाहताच तिने शेजारच्या पाण्याच्या वाडग्यावर झटकन फडकं टाकलं.

"तुझंच खरं, डेस्मंड. काही नव्हतं त्यात."

फडकं आतून हललं. डेस्मंडने नजर वळवली. पलीकडे पानावर ओळीने ठेवलेले न्यूट हलत नव्हते. त्यांच्यावर टाकायला तिच्याकडे दुसरं फडकं नव्हतं.