आईची पसंती

आई जन्मभर परिचारिका होती. तिच्यासाठी वृद्धाश्रम पारखायला लेकीने तिलाच सोबत आणलं. आधीच्या दोन ठिकाणी आईने नाक मुरडलं, तेव्हा लेकीला मनातून हायसं वाटलं होतं. इथे अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना विचारून आईने त्यांची पाठ, टाचा तपासल्या. पडून राहून होणारी जखम कुठेही नव्हती. शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसून तिने मुद्दाम बेल दाबली. ओले हात पुसत सेविका धावतच आली. “काही नाही गं, बघत होते,” आई म्हणाली. सेविका हसून गेली. “अजून एखादं बघू या ना,” लेक म्हणाली. “कशाला? इथे बेल वाजली की कुणीतरी येतं. घरी तुला उठवायचं जिवावर येतं. परवा रात्री पडले, तर उजाडेपर्यंत फरशीवरच होते.” लेकीला रडूसुद्धा आलं नाही. “झोपून बघ,” ती म्हणाली आणि वाकून आईचे बूट काढू लागली.