पाण्यातला वड

बालाघाटाच्या डोंगरातला तलाव पाहुण्यांना दाखवायचा मान गावात एकट्या किशनरावांचा. बहात्तरच्या दुष्काळात जनावरांना पाला हवा म्हणून काठावरचा वड त्यांनीच तोडला होता. आधी फांद्या, मग जळणाला बुंधा. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला, तेव्हा पाण्यात वड होता तसाच उभा दिसला.

तेव्हापासून किशनराव दर मोसमात वर जात. पाण्यातला वड आषाढात हिरवागार असे, थंडीत धुक्याने भिजलेला, चैत्रात लाल फळांनी लगडलेला. काठावर मात्र नुसता खुंट.

"असलं नवल अख्ख्या मराठवाड्यात न्हाई," ते छाती फुगवून सांगत.

लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीतले साहेब तलाव बघायला आले. किशनरावांनी ठेवणीतला गुलाबी फेटा बांधला आणि साहेबांना थेट काठाशी नेलं. "बघा साहेब, आमचा वड!"

साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले.

"वड दिसला, किशनराव. पण बुंध्यावर कुऱ्हाड चालवतोय तो कोण?"

"कुणी बी न्हाई, साहेब. धा वर्षं बघायलोय मी."

"आहे की. गुलाबी फेटेवाला."

किशनराव हसतच पुढे वाकले. पाण्यात काठाशी साहेब दिसले. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती.