शब्द न् शब्द

निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या लोकांनी दोन वर्षं हेलपाटे घातले, तेव्हा कुठे परदेशी मदत ठरवणाऱ्या समितीने छावणीतल्या मावशींना बोलायला तीन मिनिटं दिली. मावशींची भाषा त्या सभागृहात एकट्या दुभाषीलाच कळत होती. "घाबरू नका मावशी, तुम्ही आपल्या भाषेत बिनधास्त बोला. शब्द न् शब्द मी पोचवते," असं सांगून ती मागच्या काचेच्या खोलीत जाऊन बसली. सदस्यांनी कानाला हेडफोन लावले.

मावशी बोलू लागल्या. नऊशे माणसांत एक नळ. सून पाण्याच्या रांगेतच बाळंत झाली, तरी नंबर जाईल म्हणून तिने हातातली बादली सोडली नाही. बाळाला पुसायला पाणी मिळालं ते पाच तासांनी. काचेआड दुभाषी भाषांतर करत होती, तिने एक शब्द गाळला नाही. समोर माना हलत होत्या. एका सदस्याने तर वहीत काहीतरी टिपूनही घेतलं.

घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचं बोलणं आमच्या काळजाला भिडलं." टाळ्या झाल्या. मावशींनी काचेकडे वळून खुणेनेच विचारलं, पोचलं ना सगळं? दुभाषीने होकारार्थी मान हलवली आणि माइक बंद करायला बटणाकडे हात नेला.



माइक सुरू करायचाच राहून गेला होता. आणि तीन मिनिटांत 'ऐकू येत नाही' म्हणून एकाचाही हात वर आला नव्हता.